होटगीत स्वीडन कशाला?

गेले दोन महिने इथे काहीच लिहिलं नाही. आधी ऑफिसात रिलीजची गडबड होती, आणि ती संपते न संपते तोच घरी भांडण सुरू झालं. आजचा विषय ते भांडणच आहे. (माझा भाऊ हे वाचतो. वाच बाबा. तोंडी सांगून झालंय, आता लेखी घे.)

तर प्रकरण असं. डिसेंबरात धाकट्याचं लग्न आहे. त्या निमित्ताने होटगीचं घर नीट करून घ्यायचं ठरलं. घर म्हणजे काय, तर मागच्या बाजूला आजोबांच्या वेळच्या दोन माळवदाच्या खोल्या, पुढे अप्पांनी बांधलेला स्लॅबचा भाग आणि रस्त्याच्या बाजूला सोपा. अप्पा रेल्वेत होते. त्यांच्या निवृत्तीतले थोडे आणि आम्हा दोघा भावांचे थोडे मिळून अकरा लाख बाजूला काढलेत. भावाने सोलापुरातल्या एका इंटिरियरवाल्या बाईंना गाठलं. गेल्या शनिवारी त्यांची पीडीएफ आली, चांगली 34 पानांची. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'स्कँडिनेव्हियन होम'.

मी ती फाईल तीनदा बघितली. चित्रं फार सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू? पांढऱ्या भिंती, फिक्या रंगाची लाकडी जमीन, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत अखंड काच, राखाडी सोफा, त्यावर लोकरीची शाल निष्काळजीपणे टाकलेली (ती तशी टाकायलाही डिझायनर लागतो!), कोपऱ्यात मेणबत्त्या. माळवदाच्या खोल्या पाडून तिथे 'ओपन किचन'. परसदार बंद. सोपा काचेत बंद. आणि सगळ्या चित्रांमध्ये बाहेर कुठलंतरी मऊ, पांढुरकं ऊन पडलेलं. असं ऊन मी होटगीत अठ्ठावीस वर्षांत एकदाही बघितलेलं नाही.

मी नको म्हणालो. त्यावर भाऊ जे बोलला ते बिनतोड होतं. "दादा, तू स्वतः चौदा महिने स्टॉकहोमला राहून आलास. तिथल्या घरांचे फोटो ग्रुपवर तूच टाकायचास. आणि आता आम्ही तसं करायला निघालो तर तूच नको म्हणतोस?"

होय, मीच नको म्हणतोय. आणि तिथे राहून आलोय म्हणूनच म्हणतोय.

आता जरा स्टॉकहोमचं सांगतो. कंपनीने ऑनसाइट पाठवलं तेव्हा मी किस्ता भागाजवळ राहत होतो. आयटीवाल्या भारतीयांची तिकडे बरीच वस्ती आहे. आसपासच्या बिल्डिंगा 1970 च्या दशकातल्या. स्वीडन सरकारने 1965 ते 1974 ह्या दहा वर्षांत दहा लाख घरं बांधायचा कार्यक्रम हाती घेतला होता, त्यातल्या. बाहेरून अगदी ठोकळे, पण आत गेलं की प्रसन्न वाटायचं. पहिल्या महिन्यात मला ती फक्त 'स्टाइल' वाटली. डिसेंबर आला आणि कळलं की ही स्टाइल वगैरे काही नाही, हा जगण्याचा बंदोबस्त आहे.

स्टॉकहोम 59 अक्षांशावर आहे, आपलं सोलापूर साडेसतरावर. तिथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी तीनच्या आतच मावळतो. म्हणजे दिवस सहा तासांचा, आणि त्यातही बहुतेक वेळा ढग. मी ऑफिसला जायचो अंधारात आणि यायचो अंधारात. अशा गावात भिंती पांढऱ्या का, तर खिडकीतून आलेला उजेडाचा कण न् कण खोलीभर फिरावा म्हणून. पडदे नावापुरते, कारण उजेड अडवायची चैन परवडत नाही. जमीन लाकडाची, कारण फरशी असती तर पाय गोठले असते. लोकरीच्या शाली, मेंढीची कातडी, जाड गालिचे कशासाठी ते सांगायलाच नको. खिडक्यांना काचांचे तीन थर असतात, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. रेडिएटर खिडकीच्या बरोबर खाली असतो, कारण काचेवरून खाली उतरणारी गार हवा तिथेच अडवायची असते. आणि त्या मेणबत्त्या, ते खिडकीत ठेवलेले दिवे... दुपारी तीनला रात्र होणाऱ्या गावात माणसाचं डोकं ठिकाणावर राहायला तेवढा पिवळा उजेड लागतोच हो!

थोडक्यात काय, तर त्या घरातली एकेक वस्तू दोनच गोष्टींसाठी आहे : ऊब आत ठेवायची आणि उजेड आत घ्यायचा.

आता होटगीचं घर काय मागतं? ऊन बाहेर ठेव, आणि जमलं तर रात्रीचं वारं आत घे. बरोब्बर उलटं!

इंजिनियरिंगच्या परीक्षेत ज्यांनी कधी शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलंय (मी नाही हो, मित्राने सांगितलं :) ) त्यांना सेट ए आणि सेट बीची भानगड माहीत असेल. शेजाऱ्याचं उत्तर अगदी बरोबर असतं, अक्षर सुंदर असतं, आकृती पेन्सिलीने काढलेली असते. फक्त त्याचा प्रश्न वेगळा असतो. आपण सध्या घरांच्या बाबतीत हेच करतोय. स्टॉकहोमच्या सेटचं उत्तर सुवाच्य अक्षरात आपल्या पेपरात उतरवून काढतोय. आणि डिझायनर त्याचेच पैसे घेतायत.

बरं, ते उत्तर त्यांना तरी दरवेळी पुरतं का? 2018 च्या जुलैत स्वीडनमध्ये उष्णतेची लाट आली होती. स्टॉकहोममध्ये पारा तिशीच्या वर गेला आणि जंगलांना वणवे लागले. आमच्या टीममधला एकजण सांगायचा की त्या दिवसांत घरात झोपणं अशक्य झालं होतं. घरात शिरलेली ऊब धरून ठेवणं हेच ज्या घराचं काम, ते घर उन्हाळ्यातही इमानाने तेच करत बसतं. हे झालं तीस-बत्तीसला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस झालं की लोक म्हणतात, "आज जरा जास्तच आहे का?"

आता कबुलीजबाब. ह्या घरातला पहिला गुन्हा माझाच आहे.

स्टॉकहोमच्या हिवाळ्यात बसून मला घराला काहीतरी द्यावंसं वाटलं. पैसे पाठवले, फोटो पाठवले आणि फोनवरून फर्मान सोडलं की पुढचा सोपा काचेने बंद करून घ्या, खाली लाकडी दिसणारी लॅमिनेटची जमीन टाका. अप्पा म्हणाले, "सोपा कशाला बंद करायचा? आल्यागेल्याने बसायचं कुठं?" मी म्हणालो, "अप्पा, धूळ येते. आणि आतून कसं छान दिसेल बघा." पोरगं परदेशातून सांगतंय म्हटल्यावर अप्पा गप्प बसले. जानेवारीत काम पूर्ण झालं. फोटो खरंच झकास आले. मी ते ऑफिसात दाखवलेसुद्धा.

मार्च उजाडला. सोपा पश्चिमेला आहे. दुपारी दोनपासून सूर्य सरळ काचेतून आत. ऊन काचेतून आत येतं, आतल्या वस्तू तापवतं, आणि त्या वस्तूंची उष्णता काचेतून तशी परत बाहेर जात नाही. हे आठवीच्या पुस्तकात ग्रीनहाऊस म्हणून शिकलेलो. इंजिनियर झालो, पण स्वतःच्या घराला लावायला विसरलो. आज्जी आयुष्यभर त्या सोप्यात बसलेली. तिथेच शेंगा फोडायची, तिथूनच रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून कानडीत चौकशी करायची. एप्रिलमध्ये तिने सतरंजी उचलली आणि मागच्या माळवदाच्या खोलीत नेली. आईने विचारलं तर म्हणाली, "हितं बसवत न्हाई गं. भट्टीत बसल्यागत होतंय."

मे महिन्यात एका दुपारी कुणीतरी भेटायला आलं म्हणून ती पुन्हा सोप्यात येऊन बसली. पाऊण तासाने उठायला गेली आणि चक्कर येऊन खाली बसली. सलाईन लावावं लागलं, दोन दिवस सोलापुरात दवाखान्यात काढले. सुदैवाने निभावलं. मला ते आठ दिवसांनी सांगितलं, "तू लांब, काळजी करशील" म्हणून. लॅमिनेटचं सांगायचं तर आमच्या घरात जमीन बादलीभर पाणी ओतून धुतात. पहिल्या दिवाळीआधीच त्याचे सांधे फुगून वर आले. आता त्या जमिनीवर चालताना आवाज येतो.

म्हणून ह्या विषयावर मला राग आहे. डिझायनर बाईंवर नाही, त्या जे विकलं जातं ते विकतात. राग आहे तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यातल्या 'चांगलं घर' ह्या चित्रावर. त्या चित्रात बाहेर नेहमी थंडी असते.

ह्या भांडणात माझ्यासमोर जे जे मुद्दे आले ते क्रमाने घेतो.

पहिला मुद्दा : "एसी लावू की!" लावा. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला एसी लागतो, त्यात लाज कसली? पण आधी पश्चिमेला काच लावून ऊन आत ओढायचं आणि मग ते बाहेर फेकायला वीज जाळायची, ह्याला काय म्हणावं? हे म्हणजे आपणच कोडमध्ये मेमरी लीक करायचा आणि वर रॅम वाढवून मागायची. शिवाय एसी एका खोलीला. बाकीचं घर, स्वयंपाकघर, आज्जीची जागा, ह्यांचं काय? आणि मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने तार तुटली की दोन-चार तास वीज नाही. तेव्हा ती न उघडणारी काच आणि आपण समोरासमोर.

दुसरा मुद्दा : "खिडक्या मोठ्या आहेत, हवा खेळेल." इथे मी कॅल्क्युलेटर काढला. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. आमच्यासारख्या लहान घराला ती सक्तीची नाही, पण हिशोबाला उत्तम आहे. ती म्हणते की आपल्यासारख्या उष्ण-कोरड्या हवामानात घराच्या आतल्या क्षेत्रफळाच्या निदान 10 टक्के जागा उघडता येणारी हवी. 'उघडता येणारी', हा शब्द महत्त्वाचा. आमचं घर नवीन डिझाइनमध्ये 900 चौरस फूट. म्हणजे 90 चौरस फूट उघडं हवं. डिझाइनमध्ये 4 बाय 4 च्या पाच सरकत्या खिडक्या आहेत. सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणजे 8 गुणिले 5, झाले 40. पुढचं दार 21. एकूण 61. पश्चिमेची ती भव्य काच उघडतच नाही, तिचा हिशोब शून्य. आणि परसदार, जिथून संध्याकाळी खरंच वारं येतं, ते बंद करून तिथे फ्रिज! काच मोठी म्हणजे खिडकी मोठी, असं नसतं. काचेतून ऊन येतं, खिडकीतून वारा.

तिसरा मुद्दा भावाचा, आणि तो हलका नाही : "म्हणजे काय, पुन्हा माळवदात राहायचं? त्या अंधारात? जुनं ते सोनं, असंच ना?"

नाही. इथे मला थांबून नीट बोललं पाहिजे, कारण 'आपले पूर्वज किती शहाणे' छाप लेख मलाही आवडत नाहीत.

माळवदाचं गणित उत्तम होतं ह्यात वाद नाही. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या थरातून आत पोचायला इतका वेळ लागतो की तोवर रात्र होते, आणि रात्री माणसं अंगणात बाजेवर नाहीतर माळवदावर झोपलेली असतात. उजेडाला छतात एक साणं, सामानाला भिंतीतच कोनाडे न् देवळ्या. पण 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनाची रात्र संपता संपता, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली, काही अंदाजांनुसार त्याहूनही जास्त. त्यातली कितीतरी ह्याच जाड भिंतींखाली आणि ह्याच मातीच्या छताखाली झोपेत गाडली गेली. होटगीपासून किल्लारी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण आमच्या घरात ती पहाट अजून आहे. आई सांगते की त्यानंतर कित्येक दिवस घरातलं कुणी माळवदाखाली झोपायला तयार नव्हतं. अप्पांनी कर्ज काढून स्लॅब टाकला तो शहरी दिसावं म्हणून नाही. डोक्यावर काय पडेल ह्या भीतीने टाकला. ती भीती खरी होती. तेव्हा माळवदाचे गोडवे गाणाऱ्याने आधी किल्लारीचं उत्तर द्यावं.

त्याचं उत्तर आहे. भूकंपानंतर अभियंत्यांनी तपासलं तेव्हा दिसलं की भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना बांधलेलाच नव्हता. दोन्हीकडून दगड, मध्ये माती-गोट्यांचं भरताड, आरपार जाणारा दगडच नाही. हादरा बसला की दोन पदर दोन दिशांना. आणि वर वर्षानुवर्षं मातीवर माती टाकून जड झालेलं छत. म्हणजे जाड भिंतीत दोष नव्हता, जोडणीत आणि छताच्या वजनात होता. आरपार दगड, खिडक्यांच्या वर घराला पट्ट्यासारखी फिरणारी काँक्रीटची तुळई, हलकं छत : हे सगळं तेव्हापासून सांगितलं जातंय. आपण मात्र त्यातून एवढंच शिकलो की जुनं सगळं धोक्याचं आणि नवीन सगळं चांगलं. छप्पर बदलायचं होतं, आपण सावली पण पाडली. ओसरी पाडली, उंच छत खाली आणलं, परसदार बुजवलं. ह्यातलं काय भूकंपात पडणार होतं?

अंधाराचंही तेच. 'जुनी घरं अंधारी' हे आपण लाजेने बोलतो. स्टॉकहोममध्ये उजेड ही चैन आहे, सोलापुरात सावली ही चैन आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाहेरून येऊन मागच्या खोलीत शिरलं की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू डोळे निवतात आणि तळपायाला फरशी गार लागते. ह्या सुखाला इंग्रजी मासिकांत नाव नसेल, म्हणून ते सुख नाही काय?

आता सगळ्यात गमतीची गोष्ट सांगतो. जी स्वीडिश स्टाइल आपण डोक्यावर घेतलीय, ती आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तिथल्या सुखवस्तू लोकांच्या घरांत परदेशी थाटाचं जड, काळपट फर्निचर आणि मखमली पडदे असायचे. म्हणजे नक्कल तिथेही होतीच. कार्ल लार्सन नावाचा चित्रकार आणि त्याची बायको कारिन सुंडबोर्न नावाच्या खेड्यात राहत होते. कारिनने घरातले पडदे, चादरी, सतरंज्या स्वतः विणल्या, फर्निचर तिथल्या सुतारांकडून करून घेतलं, जुन्या लाकडी वस्तूंनाच रंग दिला. कार्लने त्या घराची जलरंगातली चित्रं 1899 मध्ये पुस्तकरूपाने छापली. त्याच वर्षी एलेन की ह्या लेखिकेची, सौंदर्य हे श्रीमंतांपुरतं नसून सगळ्यांसाठी आहे असं सांगणारी पुस्तिका आली. पुढे जे 'स्वीडिश घर' म्हणून जगभर गेलं त्याचं एक मूळ हे. 1943 मध्ये इंग्वार काम्प्राड ह्या सतरा वर्षांच्या पोराने काढलेली आयकिया ह्याच परंपरेत वाढली. हैदराबादला 2018 मध्ये आणि नवी मुंबईत तुर्भ्याला 2020 मध्ये तिची दुकानं आली, तेव्हा आपले लोक जत्रेसारखे लोटले. (मीही गेलो होतो. एक चमचा-स्टँड आणि एक दिवा घेऊन परतलो.)

म्हणजे त्यांनी काय केलं? परदेशी थाट बाजूला ठेवला आणि आपल्याच खेड्यातल्या घराकडे, आपल्याच हातमागाकडे, आपल्याच सुताराकडे नीट बघितलं. आणि आपण त्यांच्याकडे बघतोय! नक्कल करायचीच असेल तर त्यांच्या सोफ्याची कशाला करता, त्या बघण्याची करा ना.

जवळचं उदाहरण हवं असेल तर लॉरी बेकर आहेतच. 1917 साली इंग्लंडात, बर्मिंगहॅमला जन्मलेला माणूस. थंड देशातून आलेल्या ह्या आर्किटेक्टने केरळात आयुष्यभर विटांच्या जाळीदार भिंती बांधल्या, खोलीला गार आणि खिशाला परवडणाऱ्या. ते सांगायचे की घराच्या भोवती पाच मैलांत जे मिळतं त्यातून घर बांधावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं होतं. 2007 मध्ये ते गेले. इंग्लंडातून आलेल्या माणसाला जे केरळात दिसलं ते होटगीत जन्मलेल्याला होटगीत दिसू नये?

आमच्या पाच मैलांत काय आहे बघू. रेल्वेचं जंक्शन आहे आणि सिमेंटचा कारखाना आहे, म्हणजे सिमेंटला कमी नाही. :) थोडं पुढे गेलं तर आमच्याच रुळावर, वाडीच्या अलीकडे, शहाबाद आहे. ज्या फरशीला अख्खा महाराष्ट्र 'शहाबादी' म्हणतो तिचं गाव. आमच्या दारावरून जाणारी गाडी तिथून जाते, आणि आम्ही लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक कुठूनतरी मागवलं. सोलापुरात चादरी विणल्या जातात. त्या जगभर गेल्या, त्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि आमच्या पीडीएफमध्ये सोफ्यावर लोकरीची शाल. होटगी रोडवरच्या नव्या फ्लॅटांतही हेच चित्र. सोलापुरी चादर कुठे, तर कपाटात, पाहुण्यांना आहेर द्यायला.

आणि त्या 34 पानांत ज्वारीच्या पोत्यांना जागा नाही! वर्षाची ज्वारी घरात ठेवणारी माणसं आम्ही. कडक भाकरी वाळवायला जागा नाही. आज्जीच्या बाजेला जागा नाही. मच्छरदाणीची खुंटी नाही. चित्रातल्या त्या घरात कुणी राहतच नाही, ते फक्त दिसतं.

चौथा मुद्दा राहिलाच : "लोक काय म्हणतील? मुलीकडचे बघायला येतील, त्यांना फरशी आणि सोपा दाखवायचा?" ह्यावर माझ्याकडे गणित नाही. एवढंच म्हणतो, की त्या मुलीला ह्या घरात मे महिना काढायचाय. तिला फोटो हवा की झोप, हे एकदा तिलाच विचार.

नुसती टीका करून पळून जाणं बरं नाही, म्हणून मी काय सुचवलंय तेही लिहितो. स्लॅब राहू दे, अप्पांची झोप त्यावर अवलंबून आहे. पण त्याच्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर द्यायचा, नाहीतर दरवर्षी मार्चमध्ये चुना मारायचा. एकमजली घराला सगळ्यात जास्त ऊन छतातूनच लागतं. शेजारच्या तेलंगणाने छतं थंड ठेवण्यासाठी 2023 मध्ये चक्क सरकारी धोरण आणलं. आपल्याला धोरणाची वाट बघायची गरज नाही, चुना दुकानात मिळतो. फॉल्स सिलिंग नको. त्यातल्या पोकळीने थोडी धग अडते हे मान्य, पण दहा फुटांचं छत साडेआठवर येतं. तेच पैसे छताच्या वरच्या बाजूला घालू. माळवदाच्या खोल्यांची वरची माती उतरवायची, छत हलकं करायचं, भिंती अभियंत्याकडून तपासून बांधून घ्यायच्या. त्याने 'पाडा' म्हटलं तर पाडायच्या, हट्ट नाही. सोपा उघडा करायचा, पुढे पागोळीसारखी खोल सावली आणि पश्चिमेला विटांची जाळी. परसदार राहणार. खाली शहाबादी. खिडक्या सरकत्या नकोत, पूर्ण उघडणाऱ्या हव्यात, बाहेरून झडपांच्या. पांढऱ्या भिंती? ठेवा की! फक्त पांढरा रंग आधी बाहेरून द्या, उजेड आत आणायला नाही, ऊन परत पाठवायला.

ह्याचा खर्च मी मांडलाय. तो अकरा लाखांच्या आत बसतो, कारण दीडएक लाख तर त्या काचेचेच होते.

काल रात्री पुन्हा दोन तास वाजलं. अप्पा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "सोपा उघडा करा. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." भावाने परसदार आणि फरशी मान्य केलीय, खिडक्यांवर विचार करतो म्हणालाय, आणि बेडरूमची एक भिंत राखाडी पाहिजेच म्हणून अडून बसलाय. दिली. लग्न त्याचं आहे. आज्जीला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने मागच्या खोलीतून ओरडून विचारलं, काच कधी काढताय.

पुढच्या शनिवारी काढतोय. मी जातोय होटगीला, सुट्टी टाकलीय. लावायला सांगितली मी, तर काढायलाही मीच उभा राहिलो पाहिजे.

असो. बरंच पाल्हाळ झालं. तुमच्याकडे कुणी 'स्कँडिनेव्हियन' नावाची पीडीएफ घेऊन आलं, तर त्यांना एकच विचारा : मे महिन्यात दुपारी तीन वाजता, वीज गेलेली असताना, ह्या खोलीत तुम्ही तासभर बसून दाखवाल का?